ऑगस्टेनबोर्गचं पाणी : न पाडता सावरलेली एक वसाहत

तक्रार साधीच होती. जोराचा पाऊस झाला की तळघरात पाणी यायचं. तेही नुसतं पावसाचं नसायचं. संडास-मोऱ्यांचं सांडपाणी आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणी एकाच नळातून वाहून न्यायची जुनी व्यवस्था होती. नळ तुडुंब भरला की पाणी उलट फिरायचं आणि तळघरातल्या जाळीतून वर यायचं. तिथे भाडेकरूंच्या सायकली असायच्या, सामानाच्या कोठड्या असायच्या. पाणी ओसरलं तरी वास आणि ओल राहायची. ज्यांना दुसरीकडे घर परवडत होतं ते एकेक करून निघून गेले. ज्यांना परवडत नव्हतं ते त्या रिकाम्या घरांत आले.

हे प्रकरण स्वीडनच्या दक्षिण टोकावरच्या माल्मो शहरातल्या ऑगस्टेनबोर्ग या वसाहतीचं आहे. मी पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीवर काम करतो. गेली दोन वर्षं आमच्या कानावर पुनर्विकास हा शब्द एकाच अर्थाने पडतोय : आहे ते पाडायचं आणि तिप्पट उंच बांधायचं. त्या इमारतीला हरित मानांकन मिळणार, हे प्रत्येक सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर असतंच. ऑगस्टेनबोर्गमध्ये क्रम वेगळा होता. तिथे आधी पाण्याची वाट शोधली, छपरांचा विचार नंतर केला, आणि इमारती जिथे होत्या तिथेच ठेवल्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडतोय.

शहर कसं बसलं

माल्मो म्हणजे जहाजांचं गाव. १८४० साली सुरू झालेली कॉकुम्स ही कंपनी तिथल्या बंदरात जहाजं बांधायची आणि विसाव्या शतकाच्या मध्याला तिची गोदी जगातल्या मोठ्या गोद्यांमध्ये गणली जायची. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, जपान आणि कोरियातल्या गोद्या पुढे गेल्या, आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात माल्मोत व्यापारी जहाजं बांधणं थांबलं. त्याच जागेवर साब कंपनीने मोटारींचा कारखाना काढला, तोही दोन-तीन वर्षांत गुंडाळला. नव्वदच्या सुरुवातीच्या मंदीत शहरातल्या सुमारे सत्तावीस हजार नोकऱ्या गेल्या, म्हणजे जवळपास चारातली एक. १९७० साली २ लाख ६५ हजार असलेली लोकसंख्या ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत २ लाख ३० हजारांच्या आसपास आली होती.

गिरणगाव ज्याने पाहिलंय त्याला यापुढचं वेगळं सांगायला नको.

कॉकुम्सची १३८ मीटर उंचीची क्रेन शहरात कुठूनही दिसायची. शेवटचं मोठं काम तिने केलं ते माल्मो आणि कोपनहेगन जोडणाऱ्या ओरेसुंड पुलाच्या पायांसाठी. २००२ साली ती दक्षिण कोरियातल्या ह्युंदाई कंपनीला एका डॉलरला विकली गेली. तिचे भाग सुटे करून बोटीवर चढवले जात असताना लोक किनाऱ्यावर उभे होते, काही जण रडत होते. उल्सानमध्ये ती आजही उभी आहे आणि तिला 'माल्मोचे अश्रू' म्हणतात.

याच काळात शहराने कूस बदलायला घेतली होती. १९९८ साली विद्यापीठ सुरू झालं, १ जुलै २००० रोजी पूल खुला झाला. आज माल्मोची लोकसंख्या साडेतीन लाखांवर आहे. या काळात हरित बांधकामाचे दोन प्रयोग शहरात एकाच वेळी चालू होते. पहिला बंदराच्या रिकाम्या जमिनीवर, त्याची छायाचित्रं सगळीकडे पाहायला मिळतात. दुसरा या भाड्याच्या घरांच्या वसाहतीत. पहिल्याबद्दल पुढे थोडक्यात येईलच. हे प्रकरण दुसऱ्याचं आहे.

वसाहत

ऑगस्टेनबोर्ग १९४८ ते १९५२ या काळात उभी राहिली. एमकेबी ही माल्मो नगरपालिकेची घरबांधणी कंपनी १९४६ साली निघाली होती आणि ही तिच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. मध्यम उंचीच्या इमारती, मध्ये मोठी मोकळी अंगणं, शाळा, दुकानांचा छोटा चौक. एकूण ३२ हेक्टर जागा, सुमारे १८०० घरं, तीन हजारांच्या आसपास माणसं. त्या काळी हे कामगार कुटुंबासाठी उत्तम घर होतं.

पुढे १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत स्वीडनने देशभर दहा लाख घरं बांधली. नवी घरं मोठी होती, सोयी जास्त होत्या. ऑगस्टेनबोर्गची घरं छोटी आणि थंड वाटायला लागली. जे गेले त्यांच्या जागी बेरोजगार आले, देशोदेशींहून नुकती स्वीडनला पोचलेली कुटुंबं आली. नव्वदच्या दशकात वसाहतीतल्या निम्म्याहून अधिक लोकांची मुळं स्वीडनबाहेरची होती. घरं रिकामी पडायची, भाडेकरू टिकायचे नाहीत. पाऊस आला की तळघर भरायचं ते वेगळंच.

अशा वसाहतीचं काय करायचं, याला जगभर एक ठरलेलं उत्तर आहे, आणि ते बुलडोझरने दिलं जातं. माल्मोतही तो विचार अशक्य नव्हता. पण इथे तीन गोष्टी जुळून आल्या. जमीन आणि इमारती एकाच मालकाच्या होत्या आणि तो मालक नगरपालिकेचाच होता. शहराच्या पाणीपुरवठा-मलनिःसारण विभागाला या भागातल्या तुंबण्यावर काहीतरी करणं भागच होतं, कारण मोठा नळ टाकायचा तर सगळे रस्ते खणावे लागणार आणि नळ कितीही मोठा घातला तरी पुढे तो शहराच्या त्याच जुन्या वाहिनीला जाऊन मिळणार. तिसरी गोष्ट म्हणजे माणसं. एमकेबी, नगरपालिका आणि तिथली शाळा यांतले मोजके लोक एका टेबलाभोवती बसले आणि बसत राहिले. १९९८ साली 'एकोस्तादेन ऑगस्टेनबोर्ग', म्हणजे पर्यावरण-नगर ऑगस्टेनबोर्ग, हा कार्यक्रम सुरू झाला. एकूण खर्च सुमारे २० कोटी स्वीडिश क्रोनर. त्यातला साधारण निम्मा एमकेबीने उचलला, बाकी नगरपालिका, केंद्र सरकारचा स्थानिक गुंतवणूक निधी आणि युरोपीय संघाकडून आला.

पाण्याची वाट

मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते. पावसाचं पाणी सांडपाण्याच्या नळात जाऊच द्यायचं नाही, ते जमिनीवरून, डोळ्यांसमोरून, रमतगमत जाऊ द्यायचं.

ते प्रत्यक्षात कसं केलं ते पाहू. इमारतीच्या छपरावरून येणारा पन्हळीचा पाइप पूर्वी थेट जमिनीत शिरायचा. तो जमिनीच्या थोडा वर कापला. आता पाणी बाहेर पडतं ते काँक्रीटच्या एका उथळ पन्हळीत. ही पन्हळ अंगणातून, पायवाटेच्या कडेने जाते. पुढे गवती चर येतो, त्याच्या पुढे तळं. तळ्यातून जादाचं पाणी पुढच्या चरात उतरतं. वसाहतीभर असे सुमारे सहा किलोमीटरचे पाट आणि चर आहेत, दहा तळी आहेत. सगळ्यात शेवटी, सगळीकडे थबकून उरलेलं पाणी शहराच्या नळाला मिळतं, तोवर पावसाचा जोर ओसरलेला असतो. छपरं आणि फरसबंदीवर पडणाऱ्या पाण्यापैकी नव्वद टक्के या उघड्या मार्गाने जातं.

या पन्हळींकडे जरा जवळून पाहिलं तर तळाशी लहान लहान उंचवटे दिसतात, बेडकाच्या पिल्लांसारखे, डोकं जाड आणि शेपूट निमुळती. पाणी थोडं असेल तर ते या उंचवट्यांना वळसे घालत, नागमोडी जातं. पाणी जास्त आलं की उंचवटे बुडतात आणि प्रवाह सरळ होतो. उंचवट्यांमुळे वेग कमी राहतो, आणि कोरड्या दिवशीही पन्हळ नुसतं गटार वाटत नाही. उघड्या पाण्याच्या या रचनेत वसाहतीतल्याच एका रहिवाशाचा मोठा हात होता. पाणी कसं वाहतं याचा त्याला छंद होता, पदवीचा प्रश्न नव्हता. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला कुणीतरी होतं, ही मला या प्रकरणातली फार मोठी बाब वाटते. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. दोन वर्षांत कुठल्याही सल्लागाराने त्यांना एक प्रश्न विचारलेला नाही.

शाळेच्या आवारात पाण्याला वेगळं रूप दिलं. पायऱ्या-पायऱ्यांचं उघडं सभागृह बांधलं, त्याचा तळ म्हणजेच पाणी साठायची जागा. एरवी तिथे मुलं बसतात, वर्ग भरतो. धोधो पावसात तो खड्डा भरतो आणि शेजारच्या तळघरांवरचा भार उतरतो. एका जागेची दोन कामं. जमीन कमी असलेल्या शहराला यापेक्षा उपयोगी दुसरी युक्ती मला माहीत नाही.

हे सगळं कागदावर सुरेख दिसतं, जमिनीवर मात्र आधीपासून पन्नास वर्षांचं काय काय गाडलेलं होतं. विजेच्या तारा, गरम पाण्याचे नळ, टेलिफोनच्या केबली. जिथे तळं हवं तिथे नेमका नळ निघायचा. अग्निशमन दलाची गाडी आणि रुग्णवाहिका प्रत्येक दारापर्यंत गेलीच पाहिजे, म्हणून कितीतरी चर हलवावे लागले. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पन्हळ ओलांडता यायला हवी. उघडं पाणी म्हणजे लहान मुलांची काळजी, त्यामुळे तळ्यांची खोली आणि काठाचा उतार त्या हिशेबाने ठरले.

छपरं

१९९८ नंतर वसाहतीत जे काही नवं बांधलं गेलं त्या सगळ्यावर हिरवं छप्पर आहे. जुन्या गॅरेजांवर आणि कचरा वर्गीकरणाच्या घरांवरही ते चढवलं. शेजारीच नगरपालिकेची जुनी औद्योगिक आवारं होती. तिथल्या छपरांवर साडेनऊ हजार चौरस मीटरचं वनस्पती-उद्यान केलं आणि ते २००१ साली लोकांसाठी खुलं झालं. हिरव्या छपरांचा अभ्यास करणारी संस्थाही तिथेच सुरू झाली.

हिरवं छप्पर म्हटलं की आपल्याकडे गच्चीवरची बाग डोळ्यांसमोर येते. इथली छपरं तशी नाहीत. तीन-चार सेंटिमीटर मातीचा थर आणि त्यावर सेडम नावाची जाड पानांची, चिवट, बुटकी झाडं. वजन कमी, पाणी घालावं लागत नाही. वर्षभरात पडणाऱ्या पावसापैकी साधारण निम्मा हा थर पिऊन टाकतो आणि हवेत परत सोडतो. मात्र एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी, कारण जाहिरातीत ती कधी येत नाही. थर एकदा भिजला की तो साध्या पत्र्यासारखाच वागतो. रिमझिम पावसात छप्पर कामाचं, ढगफुटीत खाली तळं हवंच. ऑगस्टेनबोर्गच्या लोकांनी दोन्ही केलं म्हणून ते निभावलं.

लोक

बैठका झाल्या, कार्यशाळा झाल्या, शाळेतल्या मुलांनी स्वतः जागांचे आराखडे काढले. एकूण भाडेकरूंपैकी सुमारे एक पंचमांश कुठल्या ना कुठल्या चर्चेला हजर राहिले. पाचातला एक हा आकडा कुणाला कमी वाटेल. ज्याने सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होण्याची वाट पाहिली आहे त्याला तो कमी वाटणार नाही.

सगळे खूश होते असं मुळीच नाही. खणाखणीला लोक वैतागले. तळ्यांनी मुलांची खेळायची जागा खाल्ली, ही तक्रार बराच काळ राहिली. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरायचं. वसाहतीतून विजेवर चालणारी छोटी रस्तागाडी सुरू केली होती, मोठ्या कौतुकाने, ती टिकली नाही. कचरा वर्गीकरणाची तेरा घरं बांधली, पण दारात डबे ठेवले म्हणून कचरा आपोआप वेगळा होत नाही, हे तिथेही दिसलंच. वर्गीकरण शिकवणं हे सतत चालणारं काम ठरलं, कारण भाडेकरू बदलत राहतात आणि प्रत्येक नव्या कुटुंबाला पुन्हा सुरुवातीपासून सांगावं लागतं.

देखभालीची वाटणी मात्र त्यांनी सुरुवातीलाच नीट केली. एमकेबी आपला वाटा भाड्यातून भागवते, पाणी विभाग पाणीपट्टीतून, नगरपालिका तिच्या नेहमीच्या देखभालीच्या तरतुदीतून. तिघांची कामं ठरलेली आहेत, त्यामुळे चरातली पानं कुणी काढायची यावर वाद होत नाही. उद्घाटनानंतर पाच वर्षांत मरून पडलेले कितीतरी हरित प्रकल्प मी पाहिले आहेत. ते तंत्रज्ञानामुळे मेले नाहीत. झाडू कुणाच्या हातात, हे ठरलं नव्हतं.

कार्यक्रमाला २०१० साली जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला. वसाहत सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण घटलं, बेरोजगारी उतरली, मतदानाला बाहेर पडणारे वाढले, उत्सर्जन साधारण वीस टक्क्यांनी कमी झालं, असं प्रकल्पाच्या बाजूने मांडलं जातं. उत्सर्जनाचं मी मान्य करतो. बेरोजगारीचं श्रेय मात्र चरांना आणि सेडमला देऊ नये. त्याच वर्षांत पूल झाला, विद्यापीठ आलं, सगळ्या शहराला काम मिळू लागलं. महत्त्वाचं ते वेगळंच आहे : शहर वर यायला लागलं तेव्हा या वसाहतीतले लोक त्याच वसाहतीत होते. घरं विकली गेली नाहीत, भाड्याचीच राहिली.

३१ ऑगस्ट २०१४

त्या दिवशी पहाटे माल्मोवर पाऊस कोसळायला लागला आणि साधारण सहा तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पडला. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण माल्मोत वर्षभरात मिळून जेमतेम सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे दोन महिन्यांचं पाणी एका सकाळी. शहरात भुयारी रस्ते भरले, हजारो तळघरं बुडाली, विमा कंपन्यांकडे दाव्यांची रांग लागली.

३२ हेक्टरवर शंभर मिलिमीटर म्हणजे तीन कोटी वीस लाख लिटर पाणी. आपल्या हिशेबात सांगायचं तर दहा हजार लिटरचे बत्तीसशे टँकर, एका सकाळी, एका वसाहतीत. ऑगस्टेनबोर्गची रचना इतक्या पावसासाठी केलेलीच नव्हती. साधारण पंधरा वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचा हिशेब धरून ती आखली होती आणि हा पाऊस त्याच्या कितीतरी पलीकडचा होता. चर भरले, तळी काठोकाठ झाली, अंगणांत पाणी पसरलं. ते पसरलं, हेच तर हवं होतं. गवतावर पसरलेलं पाणी दुपारनंतर जिरतं. तळघरात शिरलेलं पाणी भिंतीत मुरतं आणि महिनोन्महिने राहतं. नंतर संशोधकांनी नुकसानीच्या नोंदी नकाशावर मांडून पाहिल्या, तेव्हा आसपासच्या, त्याच वयाच्या, जुन्या नळांवर चालणाऱ्या वस्त्यांच्या मानाने ऑगस्टेनबोर्गचं नुकसान फारच कमी निघालं.

सोळा वर्षांपूर्वी ज्या तळघरातल्या पाण्यावरून सुरुवात झाली होती, त्याची परीक्षा त्या सकाळी झाली.

बंदरावरचा दुसरा प्रयोग

आता बंदराकडे. वेस्त्रा हाम्नेन, म्हणजे पश्चिम बंदर. तिथल्या गोदीच्या रिकाम्या जमिनीवर २००१ साली 'बो०१' हे घरांचं प्रदर्शन भरलं. 'बो' म्हणजे राहणं. प्रदर्शन भरवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली, पण वस्ती राहिली आणि वाढली. २००५ साली त्याच परिसरात सांतियागो कालात्रावाचा, पीळ दिलेला १९० मीटर उंचीचा टर्निंग टॉर्सो उभा राहिला. क्रेन गेली त्या आकाशरेषेवर तो आला.

बो०१ मधून शिकण्यासारखं खूप आहे. उन्हाळ्यातली उष्णता जमिनीखालच्या चुनखडीच्या थरात साठवायची आणि हिवाळ्यात वर काढायची, दोन मेगावॉटची एक पवनचक्की, वस्तीची गरज नवीकरणीय ऊर्जेवर भागवायची. प्रत्येक भूखंडाला हिरवाईचा एक गुणांक गाठावा लागे : खोल मातीवरच्या झाडीला पूर्ण गुण, डांबराला शून्य, हिरव्या छपराला मधले, आणि सरासरी किमान ०.५. शिवाय ३५ बाबींच्या यादीतून विकासकाने दहा निवडायच्या, जसं की प्रत्येक घरामागे पक्ष्यांसाठी एक घरटं. आपल्या विकास नियंत्रण नियमांत असा सरळ, मोजता येणारा गुणांक यावा असं मला मनापासून वाटतं.

पण घरांचा ऊर्जावापर दर चौरस मीटरला वर्षाला १०५ युनिटच्या आत राहावा असं उद्दिष्ट होतं आणि प्रत्यक्ष मोजणीत बऱ्याच इमारती त्याच्या वर गेल्या. समुद्राकडे तोंड करून लावलेल्या मोठमोठ्या काचा आणि कागदावरच्या हिशेबातला भाबडेपणा, दोन्ही नडलं. आणि तिथली घरं महाग झाली. ज्या कामगारांची गोदी होती ते तिथे राहायला आले नाहीत.

माल्मोने नंतर दोन्हीकडचं घेऊन पुढे काम केलं. ऑगस्टेनबोर्गमध्येच एमकेबीने २०१६ साली चौदा मजल्यांची एक नवी इमारत बांधली, फार कमी उष्णतेवर भागणारी, प्रत्येक घराच्या बाल्कनीत भाजी लावायची सोय असलेली. म्हणजे नवं बांधायचंच नाही असा हट्ट त्यांनी धरला नाही. जुनं सावरल्यावर, मोकळ्या जागेवर, नवं बांधलं.

इकडे

या प्रकरणातलं जसंच्या तसं उचलता येईल असं फार थोडं आहे. पुण्यात वर्षाला पाऊस पडतो साधारण सातशे मिलिमीटर, माल्मोच्या जवळपासच. पण त्यांचा बारा महिन्यांत विभागून पडतो, आपला चार महिन्यांत, आणि त्यातही काही संध्याकाळी सगळा एकदम. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आलेल्या आंबील ओढ्याने काय केलं ते सहकारनगर-कात्रजच्या बाजूला राहणारं कुणी विसरलेलं नाही. सेडमची छपरं आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पाण्याशिवाय तग धरणार नाहीत. साचलेलं पाणी म्हणजे डेंगीचे डास, तेव्हा तळं हवं तर ते दोन दिवसांत रिकामं होणारं हवं.

मोठा फरक मालकीचा आहे. तिथे एकच मालक, तोही सार्वजनिक, पन्नास वर्षांचा विचार करू शकणारा. इथे अठ्ठेचाळीस सभासद, प्रत्येकाचं कर्ज वेगळं, वय वेगळं, घाई वेगळी. दुरुस्तीचा खर्च सभासदांच्या खिशातून जातो, पाडून बांधण्याचा खर्च विकासकाला मिळणाऱ्या जादा चटईक्षेत्रातून, म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या विक्रीतून, निघतो. मग लोक पाडण्याच्या बाजूने झुकणारच, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आणि काही इमारतींच्या खांबांतली सळई खरोखर गंजलेली असते. संरचनात्मक तपासणीत तसं निघालं तर पाडणंच शहाणपणाचं, तिथे पर्यावरणाची भाषा करून माणसांचे जीव धोक्यात घालू नयेत.

तरीही क्रम घेता येतो. आमच्या शेवटच्या बैठकीत विकासकाचं सादरीकरण झालं. पहिला प्रश्न आला, "सर, कार्पेट किती वाढवून मिळणार?" म्हणजे घराचं आतलं क्षेत्रफळ. दुसरा बांधकाम होईपर्यंतच्या भाड्याचा, तिसरा कॉर्पसचा, म्हणजे विकासकाकडून मिळणाऱ्या एकरकमी निधीचा. सगळे रास्त प्रश्न. मग तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, पावसात आमच्या न्हाणीघराच्या जाळीतून पाणी वर येतं, त्याचं काय?" सगळे क्षणभर गप्प. सल्लागार हसून म्हणाले, "आजी, नव्या इमारतीत तुम्ही वरच्या मजल्यावर असाल."

मी ऑगस्टेनबोर्गबद्दल आधी वाचलेलं होतं, म्हणून आजींचा प्रश्न मला लगेच ओळखू आला. मी विचारलं, पोडियमवरचं, म्हणजे पार्किंगवरच्या सलग स्लॅबवरचं, पाणी कुठे जाणार? "महापालिकेच्या लाइनला." ती लाइन किती इंची आहे? कुणाकडेच उत्तर नव्हतं. आराखड्यात तळघर चारही बाजूंनी भूखंडाच्या हद्दीला भिडलं होतं, खाली माती उरतच नव्हती. नियमाप्रमाणे पर्जन्यजल संधारणाचे खड्डे दाखवलेले होते, दोन, कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी. आमचा भूखंड एक एकराचा. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे चार लाख लिटर, चाळीस टँकर.

पुढच्या रविवारी आम्ही चौघे, पाटबंधारे खात्यातले काका आणि सोसायटीचा प्लंबर, असे फाटकाशी जमलो. पेव्हर ब्लॉक उचलून चेंबरचं झाकण काढलं. जुना नऊ इंची पाइप, त्यात निम्म्यापर्यंत गाळ, आणि पन्हळीचं पाणी सरळ ड्रेनेजमध्ये जोडलेलं. काकांनी वहीत उतार टिपून घेतला. नव्या आराखड्यात पूर्वेकडची पाच मीटर पट्टी तळघराविना, नुसत्या मातीची ठेवावी, तिथे उथळ चर घ्यावा आणि गच्चीचे पाइप आधी तिथे सोडावेत, असं पत्र समितीने विकासकाला दिलं आहे. त्यासाठी गाड्यांच्या किती जागा कमी होतील याचं गणित त्यांच्याकडून यायचंय. तोवर प्लंबरने दोन पन्हळी ड्रेनेजपासून तोडून बागेकडे वळवल्या आहेत, खर्च काही हजारांचा. पहिल्या मोठ्या पावसात आजींच्या न्हाणीघरात जाऊन बसायचं आणि जाळी बघायची, असं काकांनी आत्ताच सांगून ठेवलंय.